सेल्फ-डायरेक्टेड आयआरएमधून घर घेण्यापूर्वी

प्रश्न न्यू जर्सीतल्या एका ताईंचा आहे. वय ४७. आधीच्या नोकरीतला ४०१-के (नोकरीतून मिळणारं निवृत्ती-बचत खातं) तसाच पडून आहे, त्यात २ लाख ४० हजार डॉलर. त्यांच्या एकूण निवृत्ती बचतीतला हा साधारण निम्मा हिस्सा. शेअर बाजाराच्या वरखालीला त्या कंटाळल्या आहेत. सेल्फ-डायरेक्टेड आयआरए (आपण स्वतः उघडायचं निवृत्ती खातं, ज्यातली गुंतवणूक आपणच निवडतो) उघडून ओहायोत कोलंबसला घर घ्यावं असं मनात आहे, कारण सख्खा भाऊ तिथे राहतो आणि मुलगा दोन वर्षांनी तिथल्याच युनिव्हर्सिटीत जाण्याची शक्यता आहे. मुलगा एका खोलीत राहील, बाकीच्या खोल्या त्याचे मित्र भाड्याने घेतील, यजमान हाताने सगळं करणारे आहेत, त्यामुळे रंगरंगोटी-दुरुस्तीचा खर्च वाचेल. थोडं कर्ज काढून मोठं घर घ्यावं का? आणि पुण्यात आईवडिलांसाठी फ्लॅट याच पैशातून घेता येईल का?

ताई, आधी सरळ उत्तर देते. आयआरएमधून घर घेता येतं आणि ते पूर्ण कायदेशीर आहे. पण तुम्ही जो बेत मांडला आहे, तो तसाच्या तसा होणार नाही. मुलगा त्या घरात राहू शकत नाही, मित्रांबरोबर पूर्ण भाडं भरूनसुद्धा नाही. यजमानांनी तिथे रंगाचा ब्रश हातात घ्यायचा नाही. पुण्याचा फ्लॅट या वाटेने होत नाही. भाऊ मात्र चालतो. मी १९ वर्षं इथे कर-सल्लागार म्हणून काम करते आहे आणि आपल्या लोकांची अशी पाच-सहा घरं पहिल्या दिवसापासून पाहिली आहेत. त्यातली दोन चांगली चालली, एकाने घरच्यांची झोप उडवली. म्हणून जरा विस्ताराने लिहिते.

आयआरए आलं ते १९७४ च्या एरिसा कायद्याने. या खात्यात काय ठेवता येईल याची यादी कायद्यात नाही, काय ठेवता येणार नाही एवढंच आहे: आयुर्विमा, आणि संग्राह्य वस्तू, म्हणजे चित्रं, जुनं फर्निचर, दुर्मिळ नाणी, उंची मद्य वगैरे. घर-जमीन त्या यादीत कधीच नव्हती. नेहमीच्या ब्रोकरेजमध्ये घर घेता येत नाही, कारण त्यांना डीड, म्हणजे खरेदीखत, सांभाळायचं नसतं, प्रॉपर्टी टॅक्सची बिलं भरायची नसतात. ‘सेल्फ-डायरेक्टेड’ हा कायद्यातला वेगळा खातेप्रकार नाही. तेच आयआरए, फक्त असली मालमत्ता सांभाळायला तयार असलेल्या कस्टोडियनकडे, म्हणजे खातं सांभाळणाऱ्या संस्थेकडे, ठेवलेलं. हे कस्टोडियन वर्षाला काहीशे डॉलर फी घेतात, शिवाय प्रत्येक व्यवहाराची वेगळी. एक गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही: कस्टोडियन तुमची गुंतवणूक चांगली की वाईट हे तपासत नाही. ते त्याचं कामच नाही. एसईसीने, म्हणजे अमेरिकेच्या शेअर बाजार नियामकाने, २०११ साली याच कारणासाठी गुंतवणूकदारांना सावध केलं होतं, कारण ‘अमुक ट्रस्ट कंपनीने मंजूर केलेली स्कीम’ असं सांगून फसवणारे बरेच निघाले होते. कस्टोडियनची सही म्हणजे कागद पूर्ण असल्याची पावती, त्यापलीकडे काही नाही.

आता मुद्द्याचं. माझ्या अशिलांना मी पहिल्या भेटीत एक कोरा डीड दाखवते आणि खरेदीदाराच्या ओळीवर बोट ठेवते. तिथे तुमचं नाव नसतं. तिथे लिहिलेलं असतं, ‘अमुक ट्रस्ट कंपनी, कस्टोडियन, तमुक यांच्या आयआरएसाठी’. करारावर सहीसुद्धा कस्टोडियन करतो. तुम्ही फक्त प्रत्येक पानावर ‘वाचलं, मंजूर’ असं लिहून आपली सही खाली करता. हे घर खात्याचं आहे. तुम्ही त्या खात्याच्या मालक आहात, पण घराच्या बाबतीत तुम्ही परक्या आहात, आणि निवृत्तीपर्यंत परक्यासारखंच वागायचं आहे. ही एक ओळ नीट पचली की उरलेले सगळे नियम तिच्यातूनच निघतात.

अमेरिकेच्या करकायद्याच्या कलम ४९७५ मध्ये ‘अपात्र व्यक्ती’ कोण ते दिलं आहे: तुम्ही स्वतः, तुमचे यजमान, आईवडील आणि त्यांच्या वरच्या पिढ्या, मुलं-नातवंडं, आणि मुला-नातवंडांचे जोडीदार, म्हणजे सून आणि जावईसुद्धा. यांची निम्मी किंवा जास्त मालकी असलेली कंपनीही त्यात येते. या माणसांनी आणि खात्याने एकमेकांशी काहीच करायचं नाही. खरेदी नाही, विक्री नाही, भाड्याने देणं-घेणं नाही, उसनवारी नाही, वस्तू नाही, सेवा नाही, वापर नाही. बाजारभावाने केलं तरी नाही. इथेच भली माणसं अडकतात, कारण ‘आम्ही पूर्ण भाडं देतो, मग बिघडलं कुठे’ हा प्रश्न मनाला अगदी न्याय्य वाटतो. कायदा न्याय्य भाडं किती ते बघत नाही, भाडेकरू कोण ते बघतो.

एका गृहस्थांची हकीकत सांगते, ओळख पटणार नाही इतपत. वय ५२, दुसऱ्या राज्यात आयआरएमधून घेतलेलं छान घर, प्रॉपर्टी मॅनेजर नेमलेला, सगळं शिस्तीत. एप्रिलमध्ये मी त्यांची कागदपत्रं लावत होते. मॅनेजरने पाठवलेल्या भाड्याच्या तक्त्यात ऑगस्टपासून भाडेकरूच्या नावापुढे त्यांचंच आडनाव होतं. मी फोन केला. ते सहज म्हणाले, अहो, मुलाला एकच सेमिस्टर राहायचं होतं, हॉस्टेल मिळालं नव्हतं, आणि भाडं मी त्याच्याकडून पूर्ण घेतलं, एक डॉलरही कमी नाही. माझ्या पोटात गोळा आला. पुढचा महिना एका कर-वकिलाबरोबर गेला, आणि शेवटी त्या वर्षीच्या १ जानेवारीलाच ते संपूर्ण खातं त्यांनी काढून घेतलं, असं धरून रिटर्न भरावं लागलं. घर आणि रोकड मिळून १ लाख ७८ हजार डॉलर उत्पन्नात मिळवले. वय साडेएकोणसाठच्या आत, म्हणून १० टक्के दंड वेगळा, १७,८०० डॉलर. हातात रोकड आली नाही, आलं ते घर. कर भरायला त्यांना मुलाच्या कॉलेजसाठी ठेवलेला पैसा मोडावा लागला. त्या सेमिस्टरचं हॉस्टेल त्यांना सात-आठ हजारांत पडलं असतं.

आयआरएची शिक्षा अशीच आहे. चूक केवढी यावर ती ठरत नाही. चूक झाली की त्या वर्षाच्या पहिल्या दिवशी ते खातं आयआरए राहत नाही. तुमच्या २ लाख ४० हजारांवर फेडरल कर २४ टक्क्यांनी धरला तरी ५७,६०० आणि दंडाचे २४,०००, म्हणजे ८१,६०० डॉलर, न्यू जर्सीचा कर वेगळाच. आणि तुम्हा दोघांच्या पगारावर एवढी रक्कम चढली की सगळी २४ टक्क्यांत मावणारही नाही. सिक्युअर २.० या निवृत्ती-बचतीच्या कायद्याने एक गोष्ट बरी केली: अशी चूक ज्या खात्यात झाली तेवढंच खातं बुडतं, तुमची बाकीची आयआरए खाती नाही. म्हणून घरासाठी नेहमी स्वतंत्र आयआरए उघडा. बाकीची बचत त्यात मिसळू नका.

यजमानांच्या हौसेबद्दल. मला कळतं, हाताने काम करणाऱ्या माणसाला प्लंबरला दीडशे डॉलर देणं जिवावर येतं. पण त्यांनी केलेलं काम ही अपात्र व्यक्तीने खात्याला दिलेली सेवा होते, फुकट दिली तरीही. घर निवडणं, मॅनेजर नेमणं, कोटेशन वाचून हो-नाही म्हणणं, घर लांबून बघून येणं, हे सगळं तुम्ही दोघं करू शकता. हातोडी, ब्रश, गवत कापायचं मशीन यांना हात लावायचा नाही. घराच्या पाहणीला गेलात तरी रात्री तिथे मुक्काम करायचा नाही.

भावाचं वेगळं आहे, आणि हे ऐकून लोकांना आश्चर्य वाटतं. कलम ४९७५ च्या यादीत बहीण-भाऊ नाहीत. भाऊ त्या घराची देखभाल करू शकतो, त्याचा रीतसर मोबदला खात्यातून घेऊ शकतो, स्वतः भाड्याने राहू शकतो, तुमच्या आयआरएबरोबर अर्धा भागीदार होऊन घर घेऊही शकतो. फक्त तो केवळ आडपडदा असता कामा नये. भावाला भाड्याने दिलं आणि भावाने एक खोली भाच्याला दिली, तर वापर पुन्हा तुमच्या मुलाचाच झाला. कायद्यात ‘प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्ष’ असे शब्द आहेत, ते याचसाठी. भावाचा मोबदलाही तिथला दुसरा मॅनेजर जेवढा घेईल तेवढाच असू द्या, आणि करार कागदावर असू द्या, बहीण-भाऊ असलात तरी.

खरेदीच्या दिवसांत एक चूक इतकी सहज होते की ती वेगळी सांगते. चांगलं घर दिसतं, शनिवारचा दिवस असतो, एजंट म्हणतो आज ऑफर टाका, आणि आपण स्वतःच्या नावाने ऑफर लिहून स्वतःच्या चेकने अर्नेस्ट मनी (इसार) देऊन मोकळे होतो. आता करार तुमच्या नावावर आहे, आणि तुमचा करार तुमच्या खात्याला देणं हाच गोंधळ आहे. म्हणून घर शोधायच्या आधी खातं उघडलेलं आणि पैसा त्यात पोचलेला हवा, ऑफरवर खरेदीदार म्हणून खात्याचं नाव हवं, आणि अर्नेस्ट मनीसुद्धा खात्यातूनच जायला हवी. कस्टोडियनला डायरेक्शन लेटर (अमुक पैसे द्या असं सांगणारं पत्र) दिल्यापासून पैसे सुटायला काही दिवस लागतात, हे एजंटला आणि टायटल कंपनीला (मालकी हक्क तपासून व्यवहार पूर्ण करणारी कंपनी) पहिल्याच दिवशी सांगा. कस्टोडियनचे कागद क्लोजिंगच्या, म्हणजे व्यवहार पूर्ण व्हायच्या, तारखेला अडकले म्हणून सौदे मोडलेले मी पाहिले आहेत.

पुढचा विषय रोकड. यावर लोक सर्वांत कमी विचार करतात, आणि मला सर्वांत जास्त काळजी याचीच वाटते. घराचा प्रत्येक खर्च खात्यातूनच व्हायला हवा: प्रॉपर्टी टॅक्स, विमा, दुरुस्ती, मॅनेजरची फी. आणि प्रत्येक भाडं खात्यातच जमा व्हायला हवं. भाडेकरूने चुकून तुमच्या नावाचा चेक दिला तर तो वटवायचा नाही, परत करायचा.

माझ्या एका अशिलाच्या घराची फर्नेस (घर गरम ठेवणारी भट्टी) जानेवारीत, कडाक्याच्या थंडीत बंद पडली. भाडेकरूच्या घरात तान्हं बाळ. नवी फर्नेस ६,८०० डॉलर, आणि खात्यात उरलेले १,९००. कंत्राटदार क्रेडिट कार्डचा नंबर मागत होता. या गृहस्थाने कार्ड पाकिटातून काढलं, आणि मग देवाच्या कृपेने आधी मला फोन केला. खिशातून भरलेला खर्च म्हणजे तुम्ही खात्याला दिलेली उसनवारी. उसनवारीला काही अटींवर सूट आहे असं सांगणारे वकील भेटतील, पण अख्खं खातं पणाला लावून मी त्या सूटीवर विसंबणार नाही. खात्यात नवा हप्ता भरायचा तर त्याला वार्षिक मर्यादा, २०२५ साली ७,००० डॉलर, पन्नाशीनंतर ८,०००, आणि त्याने ती आधीच वापरली होती. सुदैवाने त्याचं दुसरं साधं आयआरए होतं. आपल्याच एका आयआरएतून दुसऱ्यात थेट ट्रान्सफर करायला रकमेची मर्यादा नाही. पैसे पोचायला पाच दिवस लागले. तेवढे दिवस मॅनेजरने त्या कुटुंबाला खात्यातल्या १,९०० मधून हॉटेलमध्ये ठेवलं. तुम्ही विचाराल, किती रोकड ठेवू? कोलंबसमधल्या जुन्या घराला मी किंमतीच्या १५ टक्क्यांखाली जाऊ देणार नाही. छत, फर्नेस आणि चार महिने रिकामं घर, हे तिन्ही एकाच वर्षात येऊ शकतं, असं धरून चाला.

म्हणजेच २ लाख ४० हजारांतून २ लाख १० हजारांचं घर घेतलंत तर ३० हजार उरतात, ते काठावर आहे. पावणेदोन लाखांचं, जरा साधं पण छत नवं असलेलं घर मला जास्त पसंत पडेल.

कर्जाबद्दल विचारलंत. आयआरए कर्ज काढू शकतं, पण ते नॉन-रिकोर्स हवं, म्हणजे हप्ते थकले तर बँक फक्त ते घर घेऊ शकते, तुमच्या मागे लागू शकत नाही. तुम्ही जामीन राहायचं नाही. २०१३ सालच्या पीक खटल्यात टॅक्स कोर्टाने हाच धडा दिला. दोघा जणांनी आयआरएच्या पैशातून कंपनी काढून आग-सुरक्षेचा एक व्यवसाय विकत घेतला, आणि उरलेल्या रकमेसाठी विकणाऱ्याला स्वतः जामीन दिला. पुढे व्यवसाय चांगल्या नफ्यात विकला, आणि काही वर्षांनी कोर्टाने म्हटलं की तो जामीन हाच निषिद्ध व्यवहार होता, खाती केव्हाच संपली होती, सगळा नफा करपात्र. नेहमीच्या मॉर्गेजवर तुमची सही ही जामीनकीच असते, म्हणून नेहमीचं मॉर्गेज इथे चालत नाही. नॉन-रिकोर्स देणाऱ्या बँका थोड्या, व्याज चढं, आणि डाउन पेमेंट बहुधा ३५-४० टक्के किंवा त्याहून जास्त मागतात.

शिवाय कर्जाच्या हिश्श्याएवढ्या उत्पन्नावर आयआरएला स्वतःचा कर लागतो. घर ३ लाखांचं, कर्ज दीड लाख, म्हणजे निम्मं भाडं करपात्र. पण निम्मा खर्च, निम्मं व्याज आणि निम्मा घसाराही वजा होतो. भाडं वर्षाला २६,४०० धरा, त्याचा निम्मा १३,२००. प्रॉपर्टी टॅक्स-विमा-मॅनेजर मिळून ९,०००, व्याज १०,५००, घसारा साधारण ८,७००, यांची बेरीज २८,२००, निम्मे १४,१००. म्हणजे सुरुवातीच्या वर्षांत कर शून्य. म्हणून लोक निर्धास्त होतात. खरा कर येतो विक्रीच्या वेळी: विक्रीआधीच्या १२ महिन्यांत कर्ज जास्तीत जास्त जेवढं होतं, त्या प्रमाणात नफा करपात्र होतो. कर्ज फेडून पूर्ण १२ महिने थांबून विकलंत तर हा कर लागत नाही. ढोबळ उत्पन्न १,००० डॉलर किंवा जास्त झालं की खात्याच्या नावाने फॉर्म ९९०-टी भरावा लागतो आणि कर खात्यातूनच जातो. दर ट्रस्टचे असतात, ते फार लवकर चढतात. २०२५ साली १५,६५० डॉलरच्या वर ३७ टक्के, दीर्घ मुदतीच्या नफ्याला कमाल २० टक्के. तुमचं स्वतःचं काही १०९९ वर चालणारं, म्हणजे पगारी नसलेलं स्वतंत्र काम असेल, नोकरीला माणसं नसतील, तर आयआरएऐवजी सोलो ४०१-के (एकट्याने व्यवसाय करणाऱ्याचं ४०१-के) बघा. घरासाठी काढलेल्या कर्जावरचा हा कर ४०१-केला लागत नाही. नसेल, तर तुमच्या बाबतीत माझं मत स्पष्ट आहे: कर्ज नको.

आता जे मला सगळ्यांत आधी विचारायला हवं होतं, ते. हे घर आयआरएतूनच का? घराला स्वतःच्या करसवलती असतात. बाहेर घेतलं तर २७.५ वर्षांचा घसारा मिळतो, व्याज वजा होतं, विकताना नफ्याला बहुतेकांना १५ टक्के दर लागतो, घसाऱ्याच्या भागाला कमाल २५, आणि मुलांना वारशाने गेलं तर त्यांची खरेदी-किंमत त्या दिवशीच्या बाजारभावावर येते, मधला नफा करातून सुटतो. पारंपरिक आयआरएमध्ये, म्हणजे ज्यात कर काढताना भरायचा असतो त्यात, यातलं काहीच उरत नाही. तिथून निघणारा प्रत्येक डॉलर, तो भाड्याचा असो की किंमत वाढल्याचा, पगारासारखा करपात्र. मुलांना वारशाने आलं तर तेही कर भरतात, आणि २०१९ च्या सिक्युअर कायद्यानंतर बहुतेक मुलांना ते १० वर्षांत रिकामं करावं लागतं. रॉथ आयआरएमध्ये, म्हणजे कर आधी भरून पैसा घातलेल्या खात्यात, चित्र पालटतं, तिथली वाढ करमुक्त निघते. म्हणून मला विचाराल तर रॉथमधलं घर ही कल्पना जास्त पटते, पारंपरिक आयआरएमधलं कमी. पारंपरिक आयआरएमधलं घर मला तेव्हाच पटतं, जेव्हा बाहेर पैसा नाही, खात्यात भरपूर आहे, आणि माणसाला घर-भाड्याचा धंदा कळतो.

पैसा हलवताना दोन गोष्टी सांभाळा. ४०१-केचा चेक तुमच्या नावाने निघू देऊ नका. तसा निघाला की २० टक्के कर आधीच कापला जातो, आणि ६० दिवसांत तो कापलेला भागही खिशातून घालून पूर्ण रक्कम भरावी लागते. थेट नव्या कस्टोडियनच्या नावाने मागा. दुसरी गोष्ट आपल्या आयटीतल्या लोकांना विशेष लागू: तुम्ही दरवर्षी बॅकडोअर रॉथ करता का, म्हणजे कर भरलेला पैसा पारंपरिक आयआरएत घालून तो लगेच रॉथमध्ये रूपांतरित करता का? करत असाल तर हा ४०१-के पारंपरिक आयआरएत आला की ती वाट जवळपास बंद होते. ३१ डिसेंबरला तुमच्या सगळ्या पारंपरिक आयआरएमध्ये मिळून किती करपूर्व (अजून कर न भरलेला) पैसा आहे, त्या प्रमाणात रूपांतर करपात्र ठरतं. खात्यात २ लाख ४० हजार करपूर्व आणि ७,००० नवे असतील तर त्या ७,००० पैकी सुमारे ६,८०० वर कर. यजमानांचा हिशेब वेगळा धरतात, त्यांना याची झळ नाही.

वयाच्या ७५ नंतरचंही आजच बघून ठेवा, कारण तुमच्या जन्मसालाला सक्तीचे पैसे काढणं तिथून सुरू होतं. आजच्या तक्त्याप्रमाणे ७५व्या वर्षी खात्याच्या किंमतीला २४.६ ने भागायचं. घर तेव्हा ५ लाखांचं असेल तर पहिल्याच वर्षी सुमारे २०,३०० डॉलर काढावे लागतील. घराची वीट काढून देता येत नाही. हा पैसा दुसऱ्या पारंपरिक आयआरएतून काढता येतो, म्हणून दुसरं खातं जिवंत ठेवा. घराची किंमतही दर ३१ डिसेंबरला कस्टोडियनला कळवावी लागते, मनाने नाही, स्थानिक ब्रोकरच्या किंवा अप्रेझरच्या कागदाने. पुढे निवृत्त झाल्यावर त्याच घरात राहायचं मनात आलं तर साडेएकोणसाठनंतर ते घर खात्यातून स्वतःच्या नावावर काढून घेता येतं, त्या दिवशीच्या पूर्ण बाजारभावावर कर भरून. काही जण दरवर्षी घराचा थोडाथोडा हिस्सा नावावर करून घेतात, म्हणजे कर एका वर्षात अंगावर येत नाही. पूर्ण घर नावावर झाल्याशिवाय मात्र राहायला जायचं नाही.

पुण्याचा फ्लॅट. फेमाच्या, म्हणजे भारताच्या परकीय चलन कायद्याच्या, नियमांप्रमाणे भारतात राहतं किंवा व्यापारी घर घ्यायची मुभा एनआरआय आणि ओसीआय (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकाचं कार्ड असलेल्या) व्यक्तीला आहे. शेतजमीन, फार्महाऊस आणि बागायत त्यांनाही विकत घेता येत नाही. तुमच्या आयआरएतला खरेदीदार म्हणजे अमेरिकन ट्रस्ट कंपनी, आणि तिला ती मुभा नाही. समजा एखाद्याने काही वळणाची वाट दाखवली, तरी आईवडील अपात्र व्यक्ती आहेत, ते त्यात राहू शकत नाहीत. आईवडिलांसाठी फ्लॅट घ्यायची ओढ मला पूर्ण समजते. तो तुमच्या नेहमीच्या बचतीतून, एनआरई किंवा एनआरओ (अनिवासी भारतीयांच्या भारतातल्या बँक) खात्यातून घ्या. निवृत्ती खातं त्यासाठी मोडू नका. आणि पुढे कायमचं परत जायचा विचार असेल तर आताच सांगा. २०२१ साली भारताच्या आयकर कायद्यात कलम ८९अ आलं, त्यामुळे अमेरिकेतल्या निवृत्ती खात्यावरचा भारतीय कर, पर्याय निवडला तर, पैसे काढताना लागतो, दरवर्षी नाही. पण पुण्यात बसून कोलंबसची फर्नेस सांभाळायची आहे, हेही लक्षात घ्या.

काही जण तुम्हाला ‘चेकबुक कंट्रोल’ सुचवतील, म्हणजे आयआरएने एलएलसी (छोटी मर्यादित जबाबदारीची कंपनी) काढायची आणि तिचं बँक खातं तुम्ही चालवायचं. सोयीचं आहे, फर्नेससारख्या वेळी फार सोयीचं. पण मधला कस्टोडियन गेला की चूक अडवणारा कोणीच उरत नाही. २०२१ च्या मॅकनल्टी खटल्यात आयआरएच्या एलएलसीने घेतलेली सोन्याची नाणी बाईंनी घरी ठेवली होती, टॅक्स कोर्टाने ती त्यांनी खात्यातून काढून घेतलीच असं धरलं. पहिल्या घराला मी हा मार्ग सुचवत नाही.

तर ताई, तुमच्या जागी मी काय करेन? मुलाच्या राहण्याचा प्रश्न आणि गुंतवणूक हे दोन प्रश्न आधी वेगळे करेन. मुलगा राहायलाच हवा असेल तर ते घर आयआरएच्या बाहेर, दोघांच्या नावावर, साध्या मॉर्गेजने. तिथे यजमानांना हवी तेवढी रंगरंगोटी करता येईल. आयआरएतून घर घ्यायचंच असेल तर ४०१-केतले सगळे पैसे एका घरात घालणार नाही. पावणेदोन लाखांच्या आतलं, कर्जाशिवाय, मॅनेजर म्हणून भाऊ किंवा तिथली चांगली कंपनी, आणि उरलेली रोकड त्याच खात्यात हात न लावता. तेवढं छोटं घर सापडत नसेल तर वर्षभर थांबेन. नेहमीच्या आयआरएत आरईआयटीचा (भाड्याच्या मालमत्ता बाळगणाऱ्या कंपन्यांचा) फंड घेऊन घरांच्या बाजारातला हिस्सा तोवर मिळतोच, आणि त्यात कोणाची फर्नेस बंद पडत नाही.

या आठवड्यात फक्त एवढं करा: दोन-तीन कस्टोडियनना फोन करून विचारा की डायरेक्शन लेटरपासून वायर, म्हणजे बँकेतून पैसे, जायला किती दिवस लागतात, तातडीच्या दुरुस्तीचं बिल किती तासांत भरता, आणि प्रत्येक बिलाची फी किती. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर लेखी मागा. तोवर ४०१-के आहे तिथेच राहू द्या. आणि मुलाला कोलंबसचा प्रवेश मिळाला की हॉस्टेलचा अर्ज त्याच दिवशी भरून टाका.